ओट्यापाशी शिकवलेलं ‘फेर’

फेर नावाचं क्रियापद आमच्या घरी वर्षातून दोन महिने मुक्कामाला असतं. इतर क्रियापदं येतात, आठ-दहा दिवस राहतात आणि आपल्या वाटेनं जातात. फेरचं तसं नाही. ते दिवाणखान्यात बसतच नाही. सरळ स्वयंपाकघरात शिरतं, भांडी घासतं, बाजारहाट करतं, अंथरुणं घालतं आणि मधेच रुसूनही बसतं. आता तुम्ही म्हणाल, ही बाई काय बोलतेय. थांबा, सांगते. दिवाळी अंकाच्या संपादकबाईंनी मला बजावलंय, “सुमित्राक्का, जन्मापासून सुरू करू नका.” म्हणून मधूनच सुरू केलं.

मी मल्लेश्वरममध्ये घरी फ्रेंच शिकवते. फेर म्हणजे फ्रेंचमधलं ‘करणे’. त्यातला शेवटचा र गुळणी करताना घशात वाजतो तसा काढायचा, एवढं जमलं की झालं.

आमचं घराणं बंगळुरात चार पिढ्यांचं. आमची मराठी ऐकून पुण्याचे लोक हसतात, कारण आम्ही ‘स्वल्प थांब’ म्हणतो आणि ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणून फोन ठेवतो. असल्या मराठीच्या बाईनं फ्रेंच शिकवावं, याची त्यांना फार गंमत वाटते. मलाही वाटते. मी कुठल्या कॉलेजात फ्रेंच शिकले नाही, माझ्याकडे त्याचं एकही सर्टिफिकेट नाही. मला शिकवलं एका यंत्रानं.

बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मी टायपिस्ट होते. तिथं बाटल्यांना झाकणं बसवायचं एक यंत्र फ्रान्सहून आलं. त्याच्या अंगावर एक लाल पट्टी चिकटवलेली, तिच्यावर यंत्रात सापडलेल्या बोटांचं चित्र आणि खाली दोन शब्द: ‘फेत आतांस्यों’. म्हणजे लक्ष द्या. शब्दाला शब्द लावला तर ‘लक्ष करा’. ‘फेत’ हे फेरचंच रूप, तर माझी आणि फेरची पहिली भेट ती. यंत्रासोबत आलेल्या माहितीपुस्तकात इंग्रजीही होतं, पण ते वाचून आमचे फिटर नट उलटे फिरवायचे. शेवटी साहेबांनी एक शब्दकोश आणून माझ्या टेबलावर ठेवला. “बाई, मूळ फ्रेंचवरून काही लागतंय का बघा.” लागलं. जेवणाच्या सुट्टीत एकेक ओळ लावत बसायचे. त्यामुळे सुरुवातीला माझं फ्रेंच फार विचित्र होतं. ‘पट्टा सैल झाल्यास यंत्र बंद करा’ हे मी घडाघडा म्हणायचे, पण ‘तुमचं नाव काय’ हे विचारता येत नव्हतं.

पुढे यंत्राच्या देखभालीसाठी बर्नार नावाचे इंजिनिअर अधूनमधून यायला लागले. त्यांच्याकडून मी बोलायला शिकले. ते माझ्या डब्यातली चपाती-भाजी खायचे, वर ताक प्यायचे आणि पोटावर हात फिरवून म्हणायचे, “सा फे दु ब्यँ.” हे बरं करतं, म्हणजे कसं बरं वाटलं! मी वहीत लिहून घ्यायचे. ती वही भरली, दुसरी भरली. निवृत्त झाले तेव्हा सात वह्या होत्या, आणि घरी बसून करायचं काय, म्हणून शिकवणी सुरू केली.

आता धंद्यातली गोष्ट सांगते. मराठी माणसाला फेर शिकवायला मला कधी जड गेलं नाही. आपल्याकडेही ‘करणे’ कुठल्याही शब्दाला जोडता येतं. आपण स्वयंपाक करतो, फोन करतो, आंघोळ करतो, उशीर करतो, नाटकं करतो. फ्रेंच लोकही खूप काही करतात, फक्त त्यांची यादी वेगळी. ते फोन करत नाहीत, त्याला त्यांचा निराळा शब्द आहे. पण ते रांग करतात, म्हणजे रांगेत उभे राहतात. गुरुवारी सुट्टी आली की शुक्रवारी दांडी मारून शनिवारपर्यंत ‘पूल करतात’. ढोंग करतात, ते आपल्यासारखंच. आणि उकडत असलं की ‘इल फे शो’ म्हणतात, म्हणजे तो गरम करतो.

हे सगळं फळ्यावर लिहून कुणाच्याही डोक्यात राहत नाही. म्हणून माझा नियम असा, की फेरच्या दोन महिन्यांत वर्ग ओट्यापाशी. जे तोंडानं म्हणायचं ते हातानं करायचं. ‘फेर ला वेसेल’ म्हणजे भांडी घासणे, तर हे घे, घास. ‘फेर ले कूर्स’ म्हणजे बाजारहाट, तर ही पिशवी, आठव्या क्रॉसच्या बाजारात जा आणि फ्रेंचमधून पुटपुटत कोथिंबीर आण. भाजीवाल्या अण्णांना आता सवय झालीय. कुणी पुटपुटत आलं की न विचारता म्हणतात, “सुमित्राक्कांच्या घरचे ना?”

या पद्धतीमुळे एकदा आमच्याकडे मोठं संकट ओढवलं. लक्ष्मम्मा आमच्याकडे पंधरा वर्षं भांडी करते. एके सकाळी ती आली तर ओट्यापाशी शर्टाच्या बाह्या सरसावून दोन सॉफ्टवेअरवाले भांडी घासत होते. तिनं पदर खोचला, मला बाजूला घेतलं आणि कानडीत म्हणाली, “अक्का, मला काढायचं असेल तर सरळ सांगा. शिकलेल्या लोकांकडून कशाला करून घेता? धड निघत पण नाहीत त्यांच्या हातून.” तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकलं, पुन्हा एकदा त्या दोघांकडे पाहिलं आणि म्हणाली, “सरी. मग निदान नीट तरी शिकवते.” तेव्हापासून माझ्या वर्गाला दोन शिक्षिका आहेत. करपलेलं पातेलं राखेनं कसं काढायचं ते लक्ष्मम्मा शिकवते, त्याला फ्रेंचमध्ये काय म्हणायचं ते मी.

ते दोन सॉफ्टवेअरवाले म्हणजे अनिकेत आणि मृण्मयी, नवरा-बायको. मूळचे पुण्याचे, राहायला सर्जापूर रोडला. त्यांची बदली पॅरिसला व्हायची होती. दर रविवारी सकाळी गाडी घेऊन मल्लेश्वरमला यायचे आणि आल्या आल्या पंधरा मिनिटं फक्त ट्रॅफिकबद्दल बोलायचे. अनिकेतला प्रत्येक गोष्टीत लॉजिक हवं. “काकू, इल फे शोमध्ये तो गरम करतो, राइट? पण तो म्हणजे कोण? सब्जेक्ट कुठाय?”

म्हटलं, “अरे, ऊन कोण करतं ते सांगायला मी बसले असते तर देवळात कीर्तन केलं असतं. तू पातेलं घास.”

त्यानं फेरच्या बासष्ट उपयोगांचा तक्ता केला होता, लॅपटॉपवर, रंगीत. एका रविवारी त्या तक्त्यापायीच दोघांचं वाजलं. तो तक्ता भरत बसला, भांडी मृण्मयीनं घासली. तिनं हात पुसले आणि ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मी म्हटलं, “अनिकेत, हे लिही. फेर ला तेत. डोकं करणे. म्हणजे तोंड फुगवून बसणे.” त्यानं खरंच लिहिलं. मग मान वर करून पाहिलं, लॅपटॉप मिटला आणि उरलेली कढई घासायला घेतली. हा वाक्प्रचार तो जन्मात विसरणार नाही.

असे बरेच आले. एक निवृत्त बँक मॅनेजर फक्त एवढ्यासाठी आले, की हॉटेलातल्या मेनूकार्डवरच्या चुका त्यांना काढता याव्यात. काढल्या, आणि त्या हॉटेलात त्यांना आता कुणी चटकन टेबल देत नाही. पण मला लिहायचंय ते रेखाबद्दल. बाकीचं सगळं मी हसत हसत सांगते. हे सांगताना थोडं अडखळायला होतं, कारण यात चूक माझी आहे.

रेखा जाधव निपाणीची. घरी मराठी, बाहेर कानडी, दोन्ही अस्खलित, पण दोन्ही बोलायची ती मोजकंच. बोम्मसंद्र्याला औषधाच्या गोळ्यांच्या स्ट्रिप करणाऱ्या एका कारखान्यात ती मेंटेनन्सला होती. यंत्र बंद पडलं की पाना घेऊन पळणारी. पिवळी मेट्रो सुरू झाल्यावर तिला मल्लेश्वरमला येणं सोपं झालं. मधे एकदा गाडी बदलायची की झालं. पहिल्या दिवशी आली, चप्पल काढली आणि दारातच उभं राहून एका दमात सांगून टाकलं, “अक्का, आमच्याकडे फ्रान्सची नवीन लाईन येणार आहे. शिकायला सहा महिने एकाला तिकडं पाठवणार. जो जाईल तो परत आल्यावर लाईनचा इन्चार्ज. नाव दोघांचं आहे, माझं आणि किरणचं. किरणला काम मीच शिकवलंय. तिकडच्या इंजिनिअर बाई व्हिडिओवर मुलाखत घेणार, फ्रेंचमधून. तीन महिने आहेत.”

एवढं बोलून ती जी गप्प झाली, ती महिनाभर.

शब्द पाठ, क्रियापदांची रूपं पाठ, लिहायला सांगा तर बिनचूक. तोंड उघड म्हटलं की नजर फरशीवर. मी प्रश्न विचारायचे, ती मान हलवायची. तिला म्हटलं, “अगं, व्हिडिओवर मान हलवलीस तर त्यांना वाटेल नेट गेलं.” तीही हसली, आणि पुन्हा मानच हलवली.

मग एक दिवस आमचा मिक्सर बिघडला. ती न विचारता खाली बसली, पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला (हो, पर्समध्ये होता) आणि मिक्सर उघडला. मी सहज फ्रेंचमध्ये विचारलं, काय करतेयस? आणि ती मान वर न करता फ्रेंचमध्येच बोलायला लागली. झाकण काढतेय, मोटरमधला कार्बन झिजलाय, साफ करतेय, आता पुन्हा बसवते. सलग सात-आठ वाक्यं! लक्ष्मम्मानं हातातलं ताट खाली ठेवलं. मी श्वास रोखून बसले, म्हटलं मी बोलले तर ही थांबेल. मला तेव्हा उमगलं, की रेखाचे हात कामात असले की तिची जीभ मोकळी होते. मग काय! घरातली सगळी बंद पडलेली यंत्रं माळ्यावरून खाली आली. जुना पंखा, इस्त्री, शेजारच्या मालतीबाईंचं ओलं दळणारं ग्राइंडर, माझा टाइपरायटरसुद्धा. दोन महिन्यांत आमच्या बिल्डिंगमध्ये नादुरुस्त काही उरलं नाही आणि रेखा फ्रेंच बोलायला लागली.

मुलाखत झाली. दुसऱ्या दिवशी ती आली, नेहमीसारखी चप्पल नीट एका बाजूला काढून ठेवली, पाणी प्यायली. रडली वगैरे नाही. म्हणाली, “अक्का, किरणचं नाव पुढं गेलं.”

“का? बोलता आलं नाही?”

“बोलले की. सगळं कळत होतं मला. बाईंनी विचारलं, साचा बदलता येतो का. मी म्हटलं, ‘अँ प’. पट्ट्याचा ताण लावता येतो का. ‘अँ प’. सेन्सर बसवता येतो का. ‘अँ प’. तुम्ही शिकवलं तसंच बोलले मी.”

‘अँ प’ म्हणजे थोडंसं. आपलं स्वल्प. ‘प’ म्हणताना ओठांचा चंबू करायचा. आणि हो, ते मीच शिकवलं होतं. माझ्या पहिल्या धड्यात, पहिल्या पानावर: ‘तुम्हाला फ्रेंच येतं का?’ ‘हो, थोडंसं.’ मला ते फार सभ्य वाटायचं. आपल्याकडे नाही का, सकाळच्या प्रहरात पन्नास पुरणपोळ्या लाटून मोकळ्या होणाऱ्या बाईला विचारा, पुरणपोळी येते का हो तुम्हाला? ती म्हणणार, जमतं बाई थोडंफार. ‘येते’ म्हटलं तर लोक म्हणतील, काय तोरा हा! आणि विचारणारालाही माहीत असतं. तो पुढे आग्रह करणार, छे छे, तुमच्या हातची चव सगळ्यांना ठाऊक आहे. मग ती म्हणणार, कसलं काय. असे दोन-तीन हेलपाटे झाले की मग खरं काय ते ठरतं.

पलीकडे व्हिडिओवर बसलेल्या बाईंना हे हेलपाटे कुठून माहीत असणार? त्यांनी विचारलं, रेखा म्हणाली थोडंसं, त्यांनी लिहून घेतलं थोडंसं. पाच प्रश्न, पाच वेळा. अकरा वर्षं ज्या हातांवर तो कारखाना चालला, त्यांच्यापुढं कागदावर काय आलं, तर थोडंसं.

“आणि किरण?”

तेव्हा ती जराशी हसली. “किरण सगळ्याला ‘वी, वी’ म्हणाला. बाहेर येऊन मलाच सांगतोय, ताई, निम्मं मला कळलंच नाही, मी आपलं हो म्हणत गेलो.”

मी तिला चहा करून दिला आणि माझ्या चहाचा कप तसाच हातात धरून बसले. मला आठवलं ते वेगळंच. पुष्कळ वर्षांपूर्वी बर्नारसाहेबांनी मला विचारलं होतं, या सबंध माहितीपुस्तकाचं भाषांतर तुम्हाला करता येईल का? केवढा आनंद झाला होता मला! आणि मी मान खाली घालून काय म्हणाले असेन? अँ प. ते “बरं” म्हणाले, आणि ते काम चेन्नईच्या कुठल्याशा एजन्सीला गेलं. इतकी वर्षं मी मनात धरून होते, की टायपिस्ट बाईवर साहेबांनी विश्वास ठेवला नाही. उलट त्यांनी माझ्या शब्दावर पुरेपूर विश्वास ठेवला होता.

रेखा गेल्यावर मी मृण्मयीला फोन लावला, पॅरिसला जाऊन दोघांना दोन वर्षं झाली होती. म्हटलं, “अगं, ऑफिसात कुणी काही येतं का विचारलं, तर थोडंसं म्हणू नका हं.”

ती हसायलाच लागली. “काकू, ते आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं. माझं प्रेझेंटेशनच काढून घेतलं होतं दुसऱ्या कुणाला.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“अहो, तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

म्हणजे बघा. शिकवणारी अशी आणि शिकणारेही तसेच. या भिडेपायी माझी चूक दोन वर्षं मला कळली नाही, आणि मधल्या काळात आणखी किती जणांना मी ते पहिलं पान शिकवून पाठवलं कोण जाणे. ते आठवलं की अजून मला चैन पडत नाही.

पण रेखाचं अजून सगळं संपलेलं नव्हतं. किरणचं नाव पुढं गेलं होतं खरं, पण त्या इंजिनिअर बाई स्वतः बोम्मसंद्र्याला येऊन दोघांना यंत्रापाशी बघणार आणि मगच शिक्का मारणार होत्या. हातात नऊ दिवस होते. मी रेखाला रोज बोलावलं. शिकवायचं होतं एकच वाक्य: ‘ज से ल फेर.’ मला ते करता येतं. चार शब्द. त्यात थोडंसं नाही, कसंबसं नाही, तुमच्या कृपेनं नाही.

तुम्हाला सांगते, तीन महिन्यांत जे काही शिकवलं त्यापेक्षा हे चार शब्द अवघड गेले. मी विचारायचे, साचा बदलता येतो? ती सुरुवात करायची, “ज से ल फेर...” आणि शेवटी ओठांचा चंबू व्हायला लागायचा. मी ओरडायचे, “चंबू नाही!” ती जीभ चावायची. एकदा वाक्य पुरं म्हणाली, तर मान खाली. मान वर केली, तर आवाज खाली. भाजी चिरताना, इस्त्री करताना, सगळं करून पाहिलं. हात कामात असूनही हे वाक्य काही सुटेना.

चौथ्या दिवशी ती वैतागली. ओट्यावर पाना आपटून म्हणाली, “अक्का, आधी तुम्ही म्हणा.”

“काय?”

“मला फ्रेंच येतं. असंच. पुढं काही न लावता.”

म्हटलं, त्यात काय! आणि तोंड उघडलं. आणि खोटं कशाला सांगू, शब्द बाहेर पडेनात. मी म्हणाले, “मला फ्रेंच येतं, म्हणजे तसं मी काही शिकलेली नाही, पण...” रेखा टाळ्या पिटत म्हणाली, “पण नाही! पण नाही!” दुसऱ्यांदा म्हटलं, “मला फ्रेंच येतं, आपलं शिकवण्यापुरतं.” पुन्हा बाद. इतकी वर्षं शिकवतेय, आणि साधं एक वाक्य माझ्याच्यानं निघेना, तेही मराठीत!

लक्ष्मम्मा मोरीपाशी बसून हे सगळं बघत होती. तिला मराठी समजते, बोलते कानडीत. ती उठून आली. म्हणाली, “दोघी काय चेष्टा लावलीय? मला विचारा. मला भांडी घासता येतात. या रस्त्यावर माझ्याइतकी चांगली कुणाची निघत नाहीत. झालं. यात लाजायचं काय? आम्ही असं सांगितलं नाही तर कामावर कोण ठेवेल?”

मग लक्ष्मम्माला मधे खुर्चीवर बसवलं आणि परीक्षक केलं. आमच्यापैकी कुणी मान खाली घातली, की ती चमच्यानं ताट वाजवायची. त्या दिवशी ताट इतकं वाजलं, की मालतीबाई विचारायला आल्या, काही पूजा आहे का. सातव्या दिवशी चारदा वाजलं. आठव्या दिवशी रेखानं पाच प्रश्नांना पाच वेळा ते वाक्य म्हटलं, माझ्या डोळ्यांत बघून, सरळ, जसं काही मेट्रोच्या स्टेशनाचं नाव सांगतेय. ताट गप्प. माझ्या वेळी मात्र त्या दिवशीही दोनदा वाजलं. असो.

नवव्या दिवशी मी घरात नुसत्या येरझारा घातल्या. साडेचारला शिफ्ट सुटते, मग मेट्रो. सहाला बेल वाजली. दारात रेखा, आणि आज तिनं चपला काढून इकडं एक तिकडं एक टाकल्या. मी काही विचारायच्या आत बोलायला लागली, हातात काही नसताना!

“अक्का, बाई माझ्याएवढ्याच आहेत वयानं. केस कापलेले, हात माझ्यासारखेच काळे, ग्रीसचे. मला यंत्रापाशी उभं केलं. साचा बदलता येतो? मी म्हटलं, ज से ल फेर. त्यांनी कागद बघितला, परत माझ्याकडं बघितलं. कागदावर जुनं होतं ना. म्हणाल्या, दाखवा. दाखवला. बोलत बोलत दाखवला, तुमच्या मिक्सरसारखा. पट्टा? ज से ल फेर. सेन्सर? तेच. मॅनेजर मागं उभे राहून बघत होते. ते म्हणाले, रेखा, मागच्या वेळी का नाही सांगितलंस? काय सांगणार त्यांना!”

“मग? मग काय झालं?”

“मग बाईंनी टॅब काढला. नवीन लाईनचा फोटो. तिथं गोळ्या उचलायला रोबोटचा हात आहे, एवढा मोठा. किरणला विचारलं, याचं प्रोग्रॅमिंग येतं? किरण म्हणाला वी. त्यांनी टॅबवर प्रोग्रॅम उघडून तो त्याच्या हातात दिला, दाखव म्हटल्यावर सुरुवात कुठून करायची तेच कळेना त्याला. तोच हसायला लागला बिचारा. मग मला विचारलं.”

मी डोळे मिटले. म्हटलं, आता ही गाडी त्याच वाक्यावर गेली असणार. आठ दिवस मीच तर घोकून घेतलं होतं. बाईंनी हिच्याही हातात टॅब दिला, की केलेलं सगळं पाण्यात!

“मी म्हटलं, नों. ज न से पा ल फेर. मला ते करता येत नाही.”

“असं म्हणालीस?”

“हो. बाई पहिल्यांदा हसल्या तेव्हा. मॅनेजरकडं वळून म्हणाल्या, हिचं ‘येतं’ आता मला खरं वाटतं. आणि मला म्हणाल्या, मग तेच शिकायला या.”

लक्ष्मम्मानं आतून विचारलं, काय म्हणते, झालं का? मी ‘झालं’ म्हणाले, आणि मग आमच्याकडं जे व्हायचं ते झालं, कोण रडलं, कोण हसलं, दूध उतू गेलं, ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. रेखाची सासू निपाणीहून यायची ठरलीय, ते सहा महिने रेखाच्या मुलाला सांभाळायला. जाडं स्वेटर मालतीबाई देणार आहेत, ग्राइंडर चालू केल्याबद्दल.

सगळं शांत झाल्यावर मी तिला विचारलं. मला राहवलंच नाही. ते नकाराचं वाक्य मी तिला कधी शिकवलं नव्हतं. माझ्या सातही वह्यांत ते नाही. घाबरत होते ना मी, की नकार शिकवला तर ही फक्त नकारच देईल. म्हटलं, “रेखा, ते ‘करता येत नाही’ तुला कुणी शिकवलं गं?”

ती बशीतला चहा फुंकत होती. माझ्याकडं नवलानं बघून म्हणाली, “कुणी कशाला शिकवायला पाहिजे अक्का? मला खरंच येत नव्हतं ते.”